पश्चिमेची पुरचुंडी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. धुळ्याला देवपुरात माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, लक्झरी, विमान, सगळं काढून देते. वीस वर्षं लोकांची तिकिटं काढतेय आणि वीस वर्षं लोकांवर ओरडतेय. आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि वर मलाच विचारणार, ‘चालतं ना, ताई?’ नाही चालत! तरी लोक येतात, कारण माझ्या हातून तिकीट चुकत नाही. निदान तोवर चुकलं नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरपूरजवळच्या एका खेड्यातून एक अक्का दुकानात आल्या. पासष्टीच्या, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत पुतण्याबरोबर करायच्या. एकुलती एक लेक लग्न होऊन कोस्टारिकाला. जावई तिथल्या कॉम्प्युटर कंपनीत. लेकीला सातवा महिना होता. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, पण हिला डॉक्टरनं विमानात बसायला साफ मनाई केली होती. कारण त्याआधी एकदा पाचव्या महिन्यात तिचं सगळं संपलं होतं. तेव्हा अक्काकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. लेक तिकडे दवाखान्यात रडत होती आणि अक्का इकडे ओट्यावर फोन कानाला धरून बसल्या होत्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी पासपोर्ट काढला आणि तो ट्रंकेत साड्यांखाली ठेवून दिला. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, अगदी सरळ, बियाण्याचा भाव सांगावा तसं.

‘यंदा माले पोरनाजवळ जानं शे,’ त्या म्हणाल्या. ‘कसं जातस तठे?’

माझ्या टेबलावर एक प्लास्टिकचा पृथ्वीचा गोल आहे. शोभेचा. त्याच्यावरची धूळ ओढणीनं पुसली आणि अक्कांना कोस्टारिका दाखवली. दोन अमेरिकांच्या मधली चिंचोळी पट्टी, त्यात नखाएवढा देश. मग धुळे दाखवलं. एकाच वेळी दोन्ही दिसेनात. गोल इकडे फिरवला की कोस्टारिका गायब, तिकडे फिरवला की आपण गायब.

‘वं माय,’ अक्का म्हणाल्या, ‘हाई तर पार उलट्या अंगले शे.’

‘म्हणून तर सांगते, नीट ऐका.’ आणि मी रस्ते सांगायला लागले. सगळ्यात सरळ रस्ता अमेरिकेतून. पण तिथे नुसतं विमान बदलायचं तरी त्यांचा व्हिसा लागतो, आणि त्याच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत नातवंड बालवाडीत गेलं असतं. दुसरा तुर्कस्तानातून कोलंबियाला, तिथून वर. त्यात तीन विमानं आणि पिवळ्या तापाची लस. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, या वयात ती लस नकोच. आफ्रिकेतून ब्राझीलला जाऊन पुढे जायचं, तर त्यातही तीच लस. उरला हॉलंडचा रस्ता. मुंबईहून हॉलंड, हॉलंडहून थेट कोस्टारिका. विमान एकदाच बदलायचं. अडचण एवढीच, की हॉलंडहून पुढचं विमान रोज नसतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मंग शिरपूरनी एस्टी बरी. हात दाखाडा की उभी ऱ्हास.’

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. सवय नाही.

पुढचे दोन महिने अक्का आणि मी कागदांत बुडालो होतो. व्हिसासाठी दिल्लीला चळतभर कागद गेले. अक्का दर आठवड्याला यायच्या, येताना भुईमुगाच्या शेंगा नाहीतर वांगी आणायच्या. आमचं एकच भांडण झालं, ते व्हीलचेअरवरून. ज्यांना इंग्रजी येत नाही आणि जे पहिल्यांदाच निघालेत, त्यांच्यासाठी मी तिकिटातच चाकाची खुर्ची मागून घेते. कर्मचारी त्यांना या दारातून त्या दारात नेऊन सोडतात, वाट चुकायची भीती नाही. हे अक्कांना सांगितलं, तर त्या उठूनच उभ्या राहिल्या. ‘मी काय लंगडी शे का? आजबी मी निंबना झाडवर चढस!’

‘चढा की, परत आल्यावर चढा,’ मी म्हणाले. ‘हॉलंडच्या विमानतळावर कडुलिंब नाहीत. खुर्चीत बसायचं म्हणजे बसायचं.’ त्या बसल्या, पण पुढचे दोन आठवडे माझ्याशी तुटक बोलल्या.

शेवटी व्हिसा आला आणि तिकीट झालं. विमान शुक्रवारी पहाटेचं, म्हणजे घर सोडायचं गुरुवारी. लेकीला अजून तीन आठवडे अवकाश होता. सोमवारी अक्का पासपोर्ट आणि तिकीट न्यायला आल्या. मी पासपोर्ट त्यांच्या हातात दिला, व्हिसाचं पान उघडून दाखवलं आणि तंबी दिली, ‘अक्का, हा जिवापलीकडे जपायचा. हा नाही तर काही नाही.’

‘जपस ना,’ त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. ‘गुरुवारले अमावस शे. त्या दिनले घर कसं सोडू? मी आजच परस्थान ठेवस. तुनाकडे.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस चांगला नसेल, तर जुनी माणसं आधीच्या चांगल्या वेळेवर प्रस्थान ठेवतात. तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आपल्याबरोबर प्रवासाला जाणारी एखादी वस्तू फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेला, वाटेवरच्या एखाद्या घरी ठेवायची. पुरचुंडी घराबाहेर पडली, की प्रवास सुरू झाला. मग माणूस नंतर कधीही निघो, जाताना ती उचलून घेऊन जायची.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात मुहूर्त बघत नाहीत. माझं लग्न हॉल रिकामा होता म्हणून भर अमावस्येला झालं आणि नवराही ठीकच निघाला. त्यामुळे माझ्या ओठांवर ‘काय हे अक्का!’ आलं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. मी फोनवर असताना अक्कांनी बाकावर बसून, माझ्याकडे पाठ करून, लाल फडक्यात काहीबाही बांधलं. मग विचारलं, ‘तो देश कोनता दिशाले शे?’ मी बोलता बोलता पश्चिमेकडच्या भिंतीकडे बोट केलं. त्यांनी पुरचुंडी त्या भिंतीवरच्या फळीवर ठेवली, हात जोडले, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मी त्यांना न टोकता फोनवरच बोलत राहिले. ‘निंघनू मी,’ एवढं म्हणून त्या शिरपूरच्या एस्टीत बसून परत घरी गेल्या.

संध्याकाळी दुकान बंद करताना माझं लक्ष त्या फळीकडे गेलं. दुकानात उंदरांचा सुळसुळाट. त्यात तांदूळ. म्हातारीची पुरचुंडी कुरतडली गेली, तर गुरुवारी काय तोंड दाखवू? मी ती उचलली आणि माझ्या मोठ्या पिशवीत टाकली. चांगल्या मनानंच टाकली, हो.

मंगळवारी सकाळी मला जळगावला जायचं होतं. मुक्ताईनगरच्या आमच्या समाजातल्या दहा-बारा बायका बुद्धगयेला निघाल्या होत्या, त्यांचे आधारचे कागद घ्यायचे होते. स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा पीत बसलो होतो. अकराच्या सुमाराला जावयाचा फोन आला. तिकडे तेव्हा सोमवारची रात्र. लेकीला अचानक दवाखान्यात भरती केलं होतं, बीपी वाढलं होतं. डॉक्टर म्हणत होते, गुरुवार सकाळपर्यंत थांबवून बघू, त्यापुढे नाही, ऑपरेशन करावं लागेल. ‘ती सारखी आईला बोलावतेय,’ तो म्हणाला. ‘शुक्रवारचं विमान आता काय कामाचं?’

दुसऱ्याच दिवशी पहाटेचंही, म्हणजे बुधवारचं, विमान होतं आणि हॉलंडहून पुढचंही बुधवारी होतं. ते धरलं तर अक्का त्यांच्या बुधवारी संध्याकाळी लेकीजवळ. चुकलं तर पुढचं शुक्रवारी. मी कागद बाजूला सारले, बायकांना म्हटलं, ‘आता माझ्याशी कुणी बोलू नका,’ आणि फोनवर तिकीट बदलायच्या मागे लागले. शेवटची एक जागा मिळाली. अक्कांच्या पुतण्याला फोन केला, ‘गाडी काढ, अक्कांना घे, आत्ताच्या आत्ता मुंबई.’ माणसं गुणी, पाऊण तास लागला नाही, ते निघाले.

पाऊण वाजता अक्कांचा फोन. ‘आम्ही तुना दुकानना समोर शेत. शटर बंद शे. पुरचुंडी लेवानी शे ना.’

माझं डोकंच फिरलं. एका कानाला विमान कंपनीचा दुसरा फोन, व्हीलचेअर नव्या तिकिटावर यायची होती. मी ओरडले, सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. ‘अक्का! मी जळगावला आहे! पुरचुंडी माझ्या पिशवीत आहे! तिकडे पोर दवाखान्यात आहे आणि तुम्हाला तांदूळ-सुपारी सुचते? सरळ नाशिकचा रस्ता धरा! एक शब्द बोलू नका!’

‘पन माय, तिनामा...’

मी फोन कट केला. नंतर वाजला तोही उचलला नाही. व्हीलचेअरचं काम झालं तेव्हा स्क्रीनवर नऊ मिस्ड कॉल होते. मी फोन लावला, पुतण्यानं उचलला. तो हळूच म्हणाला, ‘मावशी, पासपोर्ट पुरचुंडीत आहे.’

मी फोन टेबलावर टाकला. पिशवी उघडली. लाल फडकं सोडलं. हळद लागलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि मध्ये निळा पासपोर्ट. बरोबर जाणारी वस्तू ठेवायची, तर अक्कांनी सगळ्यात महत्त्वाची ठेवली होती. मीच म्हणाले होते, जिवापलीकडे जपा. त्यांनी जपला. माझ्या दुकानात, माझ्या भरवशावर, माझ्या डोळ्यांदेखत. आणि पश्चिमेला निघालेला तो पासपोर्ट मी नव्वद किलोमीटर पूर्वेला आणून ठेवला होता.

रडायला वेळ नव्हता. गाडी करून धुळ्याला पोचायला दोन तास, तिथून त्यांना मुंबईला सात. विमानतळावर अगदी धावपळच झाली असती. जळगावहून मुंबईला विमान जातं, पण त्या वेळेला नव्हतं. बसचा विचारच नको. मग मला आठवलं, सव्वा वाजताची गाडी. जळगावहून नाशिकरोडला सव्वातीन तास. तेवढ्यात अक्कांची मोटारही धुळ्याहून तिथे पोचते. पुतण्याला म्हटलं, ‘नाशिकरोड स्टेशन. तिथे भेटू.’ मुक्ताईनगरच्या बायकांपैकी एकीनं तेवढ्यात धावत जाऊन माझं जनरलचं तिकीट काढून आणलं होतं. बाकीच्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधली, एक तांदूळ सांडू दिला नाही. त्याही माझ्यासारख्याच, मुहूर्त न मानणाऱ्या.

वीस वर्षं लोकांना खिडकीची जागा मिळवून देणारी मी, त्या दिवशी डब्याच्या दाराशी पिशवीवर बसून गेले. पाचोरा गेलं, चाळीसगाव गेलं. पुरचुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. पासपोर्ट बाहेर काढून पर्समध्ये ठेवणं शहाणपणाचं होतं, मला कळत होतं. पण काढवेना. मनमाडला गाडी जरा जास्त थांबली, तेव्हा मी इंजिनाकडे तोंड करून अशा काही शिव्या दिल्या की शेजारचा मुलगा उठून आत गेला. खरं म्हणजे त्या शिव्या मला स्वतःलाच होत्या. म्हातारी माझ्या दारात उभी राहून काहीतरी सांगत होती, आणि मी ऐकून घेतलं नाही. एक वाक्य, अहो, एक वाक्य ऐकायला किती वेळ लागतो?

नाशिकरोडला अक्का स्टेशनबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नऊवारी, पायात नवे बूट, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मला बघून उठल्या. मी पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले, भर रस्त्यात. ‘अक्का, चुकले मी. तुम्ही सांगत होता.’

‘तू रागे भरेल व्हती, मी काय बोलू?’ त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पाणी प्यायला दिलं. मग पुरचुंडी हातात फिरवत विचारलं, ‘जयगाव कोनता दिशाले शे?’

‘जळगाव? पूर्वेला,’ मी म्हणाले. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मान खाली घातली.

अक्कांनी विचार केला. ‘तूच तो चेंडू फिरवीसन दाखाडा ना? दुनिया गोल शे. इकडथून गयं तरी पोचस, तिकडथून गयं तरी पोचस.’

पुतण्या गाडी सुरू करून बसला होता. तरी मला राहवलं नाही. ‘पण पासपोर्ट कशाला ठेवलात त्यात? एखादा रुमाल ठेवायचा!’

त्या गाडीत बसता बसता थांबल्या. आणि तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्या बोलीत मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही, पण ते असं होतं. मागच्या खेपेला लेक दवाखान्यातून फोनवर एकच विचारत होती, आई, निघालीस का? आणि त्या म्हणत होत्या, निघते, निघते. कशानं निघणार होत्या? पासपोर्ट नाही, काही नाही. या खेपेलाही पोर रोज तेच विचारत होती. लेकीला पुन्हा खोटं सांगायचं नाही, हे अक्कांनी ठरवलं होतं. रुमाल ठेवला, तर नुसता रुमाल निघाला. पासपोर्ट ठेवला, म्हणजे बाईच निघाली. ‘सोमवारले मी तिले फोन करीसन सांगं, बेटा, मी निंघनू. ते खरं व्हतं ना?’

मी मान हलवली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, गाडीचं दार लागलं आणि ते गेले. मी नाशिकहून धुळ्याची बस धरली.

पुढचं सगळं निरोपांवर कळलं. पुतण्याचा, आत गेल्या. जावयाचा, हॉलंडहून विमान सुटलं. मग एक पूर्ण दिवस काहीच नाही. मी दुकानात बसून त्या गोलाकडे बघत होते, गिऱ्हाइकांवर ओरडायचंही विसरले. गुरुवारी संध्याकाळी एक फोटो आला. काचेच्या पेटीत मुठी आवळून झोपलेली एवढीशी नात आणि काचेला नाक लावून उभ्या अक्का. मी तो शेजारच्या झेरॉक्सवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना दाखवला.

आठवड्याभरानं लेकीचाच फोन आला. तिच्याशी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. आवाज अगदी आईसारखा. नात पेटीतून बाहेर आली होती, दूध पीत होती. ‘मावशी, आईला विमानतळावरून खुर्चीत बसवून आणलं. हे घाबरले, म्हणाले, आईंना काय झालं? तर ती खुर्चीतून हात हलवत होती,’ ती हसत म्हणाली. ऑपरेशनला नेतानाचं तिनं सांगितलं. तिलाही तशाच खुर्चीत बसवलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, बस बिनधास्त, ही लंगड्यांची खुर्ची नसते, मी हॉलंडभर हिच्यातनंच फिरले.

‘एक विचारायचं होतं,’ ती म्हणाली. ‘सोमवारपासून मी इथं सगळ्यांना सांगत होते, माझी आई निघालीय. नर्स मंगळवारी म्हणाली, अजून नाही पोचली? बुधवारीही म्हणाली. तिला वाटलं, मी मनाचंच काहीतरी बोलतेय. यांनी तर मला सांगितलंय, की आई मंगळवारी दुपारी घरून निघाली.’ तिचा आवाज बारीक झाला. ‘मावशी, तुम्ही तिकीट काढलंत, तुम्हाला नक्की ठाऊक असणार. आई कधी निघाली होती?’

समोर गिऱ्हाईक उभं होतं. पश्चिमेच्या भिंतीवरची फळी रिकामी होती.

‘सोमवारी,’ मी म्हणाले. ‘माझ्यासमोर निघाली.’